कुत्र्यांनी धरलेली कोंबडी वाचते का?

चोपडा तालुक्यातल्या एका दादांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. केळीच्या मळ्यात घर, घरामागे खुराडं, त्यात अकरा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा. काल रात्री दोन कुत्र्यांनी जाळी खालून उचकटली. चार कोंबड्या जागीच गेल्या, तीन जखमी आहेत. एकीच्या पाठीची कातडी तळहाताएवढी सोलून लोंबते आहे. दुसरीचा पंख जमिनीला टेकतो. तिसरी एक तलंग, म्हणजे नुकती वयात येणारी कोंबडी आहे, तिला ‘काही झालेलं नाही’, फक्त कोपऱ्यात पिसं फुगवून उभी आहे. दादांनी पाठीच्या जखमेत हळद भरली, तिघींना घरातली दुखण्याची पाव-पाव गोळी पाण्यातून पाजली, आणि आता विचारतात: कोणतं मलम लावू, टाके घालून घेऊ का, की पाठ फाटलेली कापूनच टाकू?

दादा, आधी एक सांगते. या तिघींपैकी मला सगळ्यात जास्त काळजी तिसरीची वाटते. पाठ फाटलेलीची त्या मानाने कमी.

मी बावीस वर्षं जनावरांची डॉक्टर आहे. त्यातली बरीच वर्षं शिरपूर-चोपडा पट्ट्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर गेली. आमच्याकडे येतात त्या गाई, म्हशी, शेळ्या. कोंबडी घेऊन दवाखान्यात कोणी फारसं येत नाही. लोकांना वाटतं, चार-पाचशे रुपयांच्या पाखराला डॉक्टर कशाला. म्हणून कोंबडीवरचे उपाय शेजारपाजारच्या सांगण्यावर चालतात. त्यातले काही खरंच बरे असतात, काहींनी वाचणारी कोंबडीही जाते. तुम्ही विचारलंत ते बरं केलंत.

खरा प्रश्न मलमाचा नाही. कुत्र्याने धरलेली कोंबडी तीन प्रकारे मरते. पहिल्या काही तासांत ती मरते धसक्याने, रक्त गेल्याने किंवा आतल्या माराने. दुसऱ्या ते पाचव्या दिवशी मरते दाताच्या भोकातून आत गेलेल्या घाणीने. आणि पावसाळ्यात त्याच सुमारास जखमेत अळ्या पडून मरते. मलमाचा संबंध यातल्या फार थोड्या गोष्टीशी आहे. तुमचा पहिला टप्पा बहुतेक पार पडला आहे, कारण रात्र गेली आणि तिघी जिवंत आहेत. तरी धसका इतक्यात उतरत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तिघींना आत्ताच्या आत्ता बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळं करा. कोंबड्यांना लाल दिसलं की त्या टोचतात, हा त्यांचा स्वभाव. रोज शेजारी बसणारी मैत्रीणही उघडी जखम टोचून टोचून मोठी करते. पुठ्ठ्याचं खोकं किंवा केळीचं प्लास्टिक कॅरेट घ्या, आत जुन्या सुती लुगड्याचा स्वच्छ तुकडा अंथरा. भुसा किंवा तूस नको, ते जखमेला चिकटतं. वरून कापड टाकून अंधार करा आणि घरातल्या शांत कोपऱ्यात ठेवा. पोरांना सारखं डोकावू देऊ नका. अंधारात कोंबडी निवांत होते, आणि निवांत झाली की तिचं अंग स्वतःला सावरायला लागतं.

ऊब किती द्यायची, हे मात्र दिवसांवर आहे. कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं. धसक्यात ते घसरतं, पाय गार लागतात. जानेवारीत धुळ्याकडे पारा एक आकडी होतो, तेव्हा मी खोक्यात एका बाजूला कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवायला सांगते. एकाच बाजूला, म्हणजे नको वाटलं तर कोंबडी सरकू शकते. मे महिन्यात, जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा, हीच बाटली तिचा जीव घेईल. तेव्हा धाब्याच्या घरातली माठाजवळची जागा द्या, खिडकीला ओलं गोणपाट लावा, कोंबडी मात्र भिजवू नका. सध्या पावसाळा आहे, तेव्हा पायाला हात लावून बघा. गार लागले तर ऊब द्या, गरम असतील आणि ती चोच उघडून धापत असेल तर हवा द्या. उकाड्यानेही कोंबडी धापते आणि छातीला मार बसला तरी धापते. गार जागेत अर्धा तास ठेवूनही धाप थांबली नाही, तर आत मार आहे असं समजा.

आता त्या तलंगीकडे येते, कारण तिच्याच बाबतीत फसगत होते.

काही वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून एक बाई कुत्र्याने धरलेल्या दोन कोंबड्यांपैकी एकच पाटीत घालून घेऊन आल्या. तिची मान ते शेपूट पाठ उघडी होती. दुसरी घरीच ठेवली, कारण ‘तिले काही व्हयनं नही’. उघड्या पाठीची वाचली. घरी ठेवलेली चौथ्या दिवशी मेली, तेव्हा त्या तिला दाखवायला घेऊन आल्या. मी पिसं ओली करून बाजूला केली. डाव्या पंखाखाली ज्वारीच्या दाण्याएवढी दोन भोकं होती, दोन बोटांच्या अंतरावर, कडा सुकलेल्या. बाहेर रक्ताचा डागही नव्हता. कातडी कापली तर खाली पिवळट, पनीरासारखा घट्ट गोळा, आणि त्याभोवतीचं मांस काळपट, वास मारणारं. कुत्र्याचा सुळा सुईसारखा आत जातो, वर कातडी लवचीक असते, ती मिटते. आतलं मांस मात्र चेचलेलं असतं आणि घाण आत बंद होते. कोंबडी काही बोलत नाही. शिकार होणाऱ्या जिवाने दुखणं दाखवलं की त्याच्यावर पुन्हा झडप पडते, म्हणून ती शेवटपर्यंत उभी राहते.

म्हणून तुमच्या तलंगीला संध्याकाळी, मंद उजेडात, टॉवेलात धरा. छाती आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा छाती आणि पोट यांमधला पडदा नसतो, छातीचं हाड खालीवर झालं तरच त्यांचा श्वास चालतो. घट्ट धरलेली कोंबडी हातातच गुदमरते, आणि लोकांना वाटतं ती भीतीने मेली. हात कोमट पाण्यात बुडवून पिसं उलटी सारा, म्हणजे कातडी दिसेल. दोन्ही पंखांखाली, मांड्यांच्या आत, पाठीवर कमरेपाशी, शेपटीखाली बघा. पळणाऱ्या कोंबडीला कुत्रं बहुधा मागून धरतं. एक भोक सापडलं की त्याच्या जोडीचं शोधा. सुळे जोडीने असतात आणि वरच्या-खालच्या जबड्यांत ती सापडलेली असते, म्हणून पाठीवर खूण दिसली तर पोटाच्या बाजूलाही असू शकते.

तुऱ्याचा रंग बघा. पांढरट पडला असेल तर रक्त गेलं आहे, बाहेर नाही तर आत. निळसर-जांभळा असेल तर श्वास पुरत नाही. दोन दिवसांनी कातडीवर हिरवे डाग दिसले तर घाबरू नका. आपला मुका मार आधी काळानिळा होतो, कोंबडीचा लवकर हिरवा होतो. हिरवं, कोमट आणि वास नसलेलं म्हणजे मुका मार. काळपट, गार आणि घाण वास येणारं म्हणजे मेलेलं मांस. त्याला डॉक्टरच लागतो.

एक अनुभव आणखी सांगते, कारण तुमची तलंग अंड्यावर आलेली असू शकते. पोटात कवच धरलेलं अंडं असताना कुत्र्याने दाबलं तर ते आतच फुटतं. अशी कोंबडी तीन-चार दिवसांत पोट फुगवून, अंग ताठ उभं धरून चालायला लागते. तसं दिसलं तर घरी काही करू नका, सरळ दाखवायला न्या.

कोणी धरलं यावरही उपाय बदलतो. कुत्रं फाडतं आणि चेचतं. मांजर आणि रानमांजर यांची भोकं बारीक पण खोल असतात. मांजराच्या तोंडातल्या जंतूंत पाश्चुरेला नावाचा एक असतो, त्याच्यामुळेच कोंबड्यांचा कॉलराही होतो. म्हणून मांजराने नुसतं धरून सोडलेल्या कोंबडीलाही मी पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू करते, जखम दिसेपर्यंत थांबत नाही. मुंगूस मान आणि डोकं धरतं. घुशी रात्री पायाची बोटं आणि पिल्लं कुरतडतात. शिक्रा, घार यांच्या नखांच्या खुणा पाठीवर असतात. तुम्ही कुत्री डोळ्यांनी पाहिलीत, म्हणून तो प्रश्न नाही.

पण कुत्री भटकी असतील तर तुमच्या स्वतःसाठी एक गोष्ट. पिसांवर कुत्र्याची लाळ असते. जखम धुताना हातमोजे घाला, नसतील तर हातावर प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. काल रात्री कोंबड्या सोडवताना कुत्रं चावलं, ओरखडलं, किंवा हाताला आधीच चीर असून तिथे लाळ लागली असेल, तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि आजच सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा. कोंबडीआधी हे करा.

आता धुणं. जखमेच्या उपचारातलं अर्धं काम धुण्यातच होतं, असं मी मानते. एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सपाट दीड चमचे. मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणा, सुई काढून टाका, आणि जखमेवर तिरकी धार मारत राहा. हळद, माती, पिसांचे तुकडे, गोठलेलं रक्त निघेपर्यंत. पाठीच्या जखमेला पाव ते अर्धा लिटर सहज लागेल. नंतर पोव्हिडोन आयोडीन. दहा टक्क्यांची बाटली असेल तर १० मिली एक लिटर पाण्यात, रंग पातळ कोऱ्या चहासारखा दिसला पाहिजे. बाटलीतलं तसंच ओतलं तर ते नवीन येणारं मांसही जाळतं. स्पिरिट, फिनेल, रॉकेल, तंबाखूची राख यांतलं काही नको. फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साइड लोक रोज घालतात, तेही नको.

हळदीला माझा विरोध नाही, माझ्या आईनेही लावली आहे. वरच्या खरचटण्यावर चिमूटभर ठीक. पण खोल जखमेत भुकटी दाबून भरली की तिची खपली होते, वरून जखम बंद दिसते आणि खाली पू साचतो. कोंबडीचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, घट्ट चक्क्यासारखा होतो. तो आपोआप वाहून जात नाही आणि दाबून निघत नाही, काढावाच लागतो. म्हणून दादा, तुम्ही भरलेली हळद आज धुऊन काढा. निघत नसेल तर कोमट मिठाच्या पाण्यात भिजवलेला कपडा दहा मिनिटं ठेवून मऊ करा, खरवडू नका. मोहाचं तेल किंवा खोबरेल ओतायलाही मी सांगत नाही. पिसं तेलाने चिकटली की त्यांची ऊब जाते.

धुताना एका गोष्टीची मला भीती वाटते, ती नीट वाचा. पक्ष्याच्या फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या अंगभर असतात. त्या बरगड्यांपाशी, पोटात, पंखाच्या मुळाशीही आहेत, आणि पंखाचं वरचं हाड पोकळ असून त्यांनाच जोडलेलं असतं. जखमेतून श्वासाबरोबर बुडबुडे येत असतील, किंवा आसपासची कातडी फुगून दाबल्यावर पापडासारखी कुरकुरत असेल, तर दात हवेच्या पिशवीपर्यंत गेला आहे. त्या भोकात पाणी सोडायचं नाही. सोडलंत तर कोंबडी कोरड्या जमिनीवर बुडून मरेल. तिथे फक्त ओल्या कापडाने वरून पुसा, स्वच्छ ओलसर गॉज ठेवा आणि तिला डॉक्टरकडे न्या. बरगड्यांजवळच्या भोकाबद्दल शंका असली तरी हेच करा.

जखमेभोवतीची पिसं उपटू नका, कातडी कागदासारखी पातळ असते, ती पिसाबरोबर फाटते. कात्रीने कापा. फक्त नवीन उगवणारी, निळसर देठाची कोवळी पिसं सोडा, त्यांच्यात रक्त असतं आणि कापल्यावर ते लवकर थांबत नाही. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घड्याळ लावून पाच मिनिटं दाबा. मधे उघडून बघण्याचा मोह होतो, तो आवरा.

टाक्यांबद्दल माझं मत माझ्याच एका चुकीतून आलं आहे. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका कोंबड्याची कुत्र्याने फाडलेली मांडी मी सुरेख शिवली. जवळजवळ टाके घेतले, कडा जुळवल्या, मालक खूश. पाचव्या दिवशी कोंबडा गेला. शिवण जागेवर होती, खाली सगळं सडलं होतं. तेव्हापासून चाव्याची भोकं मी कधीच बंद करत नाही. सोललेली कातडी काही तासांच्या आत आली, ओली आणि गुलाबी असली, तर भरपूर धुऊन दोन-चार सैल टाके घेते आणि खालच्या टोकाला वाट मोकळी ठेवते. तुमच्याकडे आता रात्र उलटून गेली, वर हळद बसलेली, म्हणून टाके नकोत. लोंबणारी कातडी धुऊन जागेवर पसरून ठेवा, तिचा झाकण म्हणून उपयोग होतो. ती दोन-तीन दिवसांत वाळून चामड्यासारखी झाली तर डॉक्टर कापून टाकतील. घरी शिवणकामाच्या दोऱ्याने शिवू नका, चिकटवायच्या गोंदाने चिकटवू नका. मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत.

तळहाताएवढी उघडी जागा भरते का? भरते. कोंबडीचं अंग बरं होण्यात फार चिवट आहे. पहिल्या आठवड्यात जखम दिसायला भयंकर दिसते. मग तळातून लाल दाणेदार मांस वर येतं, कडा आत सरकतात, आणि चार ते सहा आठवड्यांत नवी कातडी येते. तोवर जखम ओलसर ठेवायची, चिंब नाही आणि कोरडीठाकही नाही. मी गाळलेला चांगला मध पातळ थरात लावायला सांगते, वरून न चिकटणारं गॉज. मधाला आपल्याकडे एक अडचण आहे, मुंग्या. खोकं स्टुलावर ठेवा आणि स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, जुन्या बाया दुधाच्या फडताळाला करायच्या तसं. मध नसेल तर साधं पोव्हिडोन आयोडीनचं मलम चालेल. ज्या मलमांत जागा बधिर करायचं औषध असतं, म्हणजे नावात शेवटी ‘केन’ येतं, ती नकोत. एवढ्याशा जिवाला ती विषारी ठरू शकतात.

आणि माशी. पोळ्याच्या आगेमागे आपल्याकडे जनावराच्या ओल्या जखमेवर माशी बसली नाही असं होत नाही. ती बारीक रव्यासारखी पांढरी अंडी घालते आणि दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडतात. म्हणून खोक्यावर तान्ह्या बाळाची छत्रीची मच्छरदाणी घाला. घरात लहान बाळ होऊन गेलं असेल तर ती माळ्यावर असतेच. सकाळ-संध्याकाळ टॉर्च लावून जखम आणि शेपटीखालची पिसं बघा. विष्ठेने ओली झालेली पिसं माशीला जखमेहून जास्त आवडतात, ती कापून टाका. अळ्या दिसल्या तर चिमट्याने एकेक काढा आणि मिठाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा. गुरांच्या जखमेत टर्पेंटाइन घालतात तसं कोंबडीला घालू नका, दीड किलोच्या पाखराला तो वासही झेपत नाही.

पंख पडलेलीचं थोडक्यात सांगते. दोन्ही पंख एकदम हलकेच उघडून तुलना करा. हाड कातडीबाहेर असेल तर घरी बांधू नका, झाकून दवाखान्यात न्या. आणि मघाशी सांगितलं तेच, त्यावर पाण्याची धार नको. जखम नसेल, फक्त पंख लोंबत असेल, तर तो नेहमीच्या घडीत मिटवा आणि जुन्या बनियनच्या दोन बोटं रुंद पट्टीने आधी पंखाभोवती, मग अंगाभोवती दुसऱ्या पंखाखालून बांधा. पट्टीखाली आपलं बोट सहज गेलं पाहिजे. आठवड्याने सोडून बघा, नाहीतर सांधा आखडतो. पक्ष्याचं हाड साधारण तीन आठवड्यांत धरतं. पंख किंचित वाकडा राहिला तरी गावरान कोंबडीचं काही अडत नाही, फक्त तिची बसायची दांडी खाली घ्या.

आता तुम्ही दिलेली गोळी. तिचं पाकीट काढून नाव वाचा. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्यांत डायक्लोफेनॅक सर्रास असतं, आणि ते पक्ष्यांच्या मूत्रपिंडांना घातक आहे. गिधाडं त्यानेच संपत आली, म्हणून आपल्या सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. तेच निघालं तर पुन्हा देऊ नका, पाणी भरपूर पिऊ द्या आणि डॉक्टरांना नाव सांगा. लपवू नका, कोणी रागावणार नाही. दुखणं कमी करायला पक्ष्यांत मेलॉक्सिकॅम चालतं, पण मात्रा वजनावर असते, ती डॉक्टरांकडूनच घ्या. अँटिबायोटिकही तसंच. कुत्र्याच्या चाव्याला ते बहुतेक वेळा लागतं, पण कोणतं आणि किती दिवस हे कोंबडी बघून ठरतं. कोंबड्यांचं औषध म्हणून दुकानदार जी बाटली हातात देतो, तिच्यातलं बरंच औषध अंड्यावरच्या कोंबडीला देण्यासाठी नसतं. औषध चालू असताना आणि थांबल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या कोंबडीची अंडी खाऊ नका, विकू नका, आणि ती कापूही नका. तालुक्याच्या दवाखान्यात जाणं जमत नसेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पथकाची चौकशी करा.

पाणी पाजायची घाई फार होते. चोच उघडून ओतलं तर पाणी श्वासनळीत जातं, त्या नळीचं तोंड जिभेच्या अगदी मागे उघडंच असतं. चोचीचं टोक वाटीत बुडवा, किंवा बाजूने एकेक थेंब सोडा आणि ती गिळते का बघा. पहिले दोन दिवस पाकिटावर लिहिल्याप्रमाणे कालवलेलं ओआरएस चांगलं. खायला ज्वारी-बाजरीच्या शिजवलेल्या कण्या आणि त्यात कुस्करलेलं उकडलेलं अंडं. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि अंड्याइतकं सोपं दुसरं काही घरात नसतं. खाल्लेलं मानेखालच्या जखमेतून बाहेर येत असेल तर अन्नाची थैली फाटली आहे. मग खाणं बंद करून लगेच न्यायचं. ही एक जखम मात्र थरांत शिवावीच लागते.

आज करायचं ते एवढं: तिघी वेगळ्या, अंधारात. हळद धुऊन काढायची. तलंगीची भोकं शोधायची. गोळीचं नाव वाचायचं. तलंगीला भोक सापडलं, तर तिन्ही उद्या सकाळी डॉक्टरांसमोर.

कापून टाकू का, हे तुम्ही पाठ फाटलेलीबद्दल विचारलंत. ती उभी राहते, खाते, डोळा चमकदार आहे, तर नको. आतडी बाहेर आली असतील, कमरेखाली दोन्ही पायांत हालचालच नसेल, खालची चोच तुटून गेली असेल, तर तिला ताटकळत ठेवण्यात दया नाही. डॉक्टरांकडून किंवा ज्याला सवय आहे त्याच्याकडून एका झटक्यात संपवावी. माझ्या टेबलावर हे ठरवताना मला अजूनही थांबावं लागतं, बहुतेक वेळा मालकाच्या घरातल्या लहान मुलाकडे बघून. मधल्या अवस्थेतल्या कोंबडीला मी दोन दिवस देते. तिसऱ्या दिवशी ती स्वतःहून चोच मारून खायला लागली तर पुढे चालू ठेवते. औषध, गोळी दिलेली किंवा ताप भरलेली कोंबडी खाण्यासाठी कापू नका. मेलेल्या चार उकिरड्यावर टाकल्या असतील तर आजच चुना टाकून खोल पुरा, नाहीतर तीच कुत्री वासाने परत येतील. ती तशीही येतात, एकदा मिळालं तिथे दोन-तीन रात्री तरी. म्हणून आज रात्री उरलेल्या कोंबड्या घरात घ्या.

जाता जाता एक वेगळं पण महत्त्वाचं. कधी अंगावर खूण नसताना कोंबड्या एकापाठोपाठ मेल्या तर कुत्र्या-मुंगसाला दोष देऊन पुरून टाकू नका, दवाखान्यात कळवा. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नवापुरात निघाला होता, आणि २०२१ मध्ये तिथे तो पुन्हा आला.

खुराड्याची कोंबडीजाळी काढून टाका. ती कोंबडी आत ठेवायला असते, कुत्रं बाहेर ठेवायला नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या आणि खाली ती बाहेरच्या बाजूला फूटभर जमिनीसरशी वळवून मातीत दाबा, वर दगड ठेवा. उकरणारा प्राणी भिंतीलगतच उकरतो, तिथे त्याला जाळी लागते. केळीच्या बांधावर मुंगूस आणि रानमांजर असणारच. त्यांच्यासाठी फास किंवा विष लावू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आणि विषाचा घास बहुतेक वेळा शेजाऱ्याचं कुत्रं किंवा आपलीच कोंबडी खाते.

जखमीला परत कळपात सोडताना घाई करू नका. कातडी पूर्ण मिटून कुठेही लाल दिसत नाही, तोवर नाही. महिनाभर बाहेर राहिलेली कोंबडी बाकीच्यांना परकी वाटते आणि तिचा मान पुन्हा ठरतो, तोही टोचूनच. म्हणून आधी आठवडाभर मधे जाळी लावून शेजारी ठेवा, शक्य तर तिघींना एकत्रच. मग एका संध्याकाळी अंधार पडल्यावर उचलून दांडीवर बसवा, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी स्वतः तिथे जाऊन उभे राहा. पहिला अर्धा तास बघा. पाठीवरची नवी पिसं कोवळी असतात, तिथे कोणी सारखी चोच मारत असेल तर मारणारीला दोन दिवस बाहेर काढा, जखमी झालेलीला नाही.